सातवी सही

“बाद झालेल्या सह्यांत तुमचीही आहे, मिसेस पास्को,” डॅनिका म्हणाली आणि थेडा पास्को चक्क हसली. सकाळी सव्वादहाला, मार्चच्या गारठ्यात, हातमोजे काढता काढता माणूस कुठल्याही गोष्टीला हसतं तसं. काउंटी कचेरीत निवडणुकीचं काम बघणारी ही डॅनिका तशी गंभीर पोरगी, पण तिच्या आजीनं केलेली अक्रोडाची गुंडाळलेली पोळी थेडाच्या लग्नात सगळ्यांनी बोटं चाटत खाल्ली होती. तेव्हा एवढ्या थट्टेचा हक्क तिला असेल, असं थेडाला वाटलं. डॅनिका मात्र हसली नाही. तिनं संगणकाचा पडदा काचेकडे वळवला आणि पेनाच्या टोकानं एक ओळ दाखवली. “सही तुमचीच आहे, त्यात शंका नाही. पण तुम्ही मतदारयादीत नाही आहात. पंधरा महिन्यांपूर्वी तुम्ही स्वतः नाव काढून घेतलंत. पत्र आहे तुमचं आमच्याकडे.”

“माझं पत्र? अगं, मी आयुष्यात या कचेरीला पत्र लिहिलेलं नाही.”

“काढून देऊ?”

डॅनिका आत गेली. थेडा काचेसमोर उभी राहून आतल्या घड्याळाकडे बघू लागली. सव्वीस वर्षं तिनं ब्यूट गावच्या या चढउतारांवर शाळेची बस चालवली होती. बर्फात, वाऱ्यात, मागे चाळीस कार्टी किंचाळत असताना. आणि कधी वेळ चुकवली नव्हती. आज चुकेल असं वाटत होतं. सही बाद झाली म्हणून नाही, सह्या बाद होतातच. आकड्यामुळे. डॅनिकानं आधीच सांगितलं होतं : या भागातून दीडशे सह्या लागतात, तुम्ही एकशे अडुसष्ट दिल्यात, पंचवीस गेल्या, उरल्या एकशे त्रेचाळीस. सात कमी. मुदत आज पाच वाजेपर्यंत. बाकी सगळ्या मोंटाना राज्यातून तिच्या छोट्या पक्षाच्या अर्जावर सह्या पुऱ्या झाल्या होत्या, जेवढे भाग भरायचे त्यातला हा डोंगरावरचा एकच राहिला होता. सात सह्या आल्या तर नोव्हेंबरात मतपत्रिकेवर दोन मोठ्या पक्षांच्या खाली त्यांच्याही पक्षाचं नाव छापलं जाईल. नाही आल्या तर नाही. मग पुढची दोन वर्षं कुणाला सांगत बसायचं की आम्हीही आहोत?

तसा पक्ष म्हणजे काय, राज्यभर विखुरलेली मूठभर हट्टी माणसं. सरकारनं उंबऱ्याबाहेर थांबावं, कायदे कमी करावेत, कर त्याहून कमी करावेत आणि ज्याचं आयुष्य त्याला त्याच्या अकलेनं जगू द्यावं, एवढंच त्यांचं मागणं. ब्यूटसारख्या कामगार संघटनांच्या गावात त्याला कोण विचारतो? लोक चेष्टेनं त्यांना ‘आमचं-आम्ही-बघू’वाले म्हणत. आले बघा आमचं-आम्ही-बघू, असं म्हणत रस्ता ओलांडत. तिचा नवरा ऑर्विल त्यावर खूश व्हायचा. “शिवी आणि घोषणा यात फरक फक्त कोण ओरडतं एवढाच,” असं म्हणायचा. ऑर्विलला असली वाक्यं सुचायची. थेडाला नाही सुचायची, आणि सुचली तरी तोवर त्यानं दुसरं म्हटलेलं असायचं.

डॅनिकानं पत्राची प्रत काचेखालून सरकवली. पहिल्याच ओळीवर थेडानं अक्षर ओळखलं. ‘आम्ही खाली सही करणारे पती-पत्नी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता, आपल्या यादीतून आमची नावं काढून टाकण्याची सूचना देत आहोत. ज्या खेळाचे नियम दोनच खेळाडू लिहितात त्या खेळात आम्ही यापुढे नाही.’ खाली ऑर्विलची लपेटदार सही. आणि तिच्या शेजारी ‘थेडा एम. पास्को’. एकेक अक्षर तिचं. ‘टी’ची आडवी रेघ जरा खाली, शाळेपासून तशीच. कुणी खोटी केलेली नाही, नक्कल नाही. तिच्याच बोटांनी केलेली.

आणि तिला ते सगळं एकदम आठवलं. इस्पितळातली ती खोली, डिसेंबर, खिडकीबाहेर खाणीचा लोखंडी मनोरा आणि त्याच्यावर नाताळचे लाल दिवे. महिन्यापूर्वी निवडणूक झाली होती, पक्षाला पुरेशी मतं पडली नव्हती आणि मतपत्रिकेवरची जागा गेली होती. ऑर्विल तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. मग एक दिवस उठून बसला, कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला, फुप्फुसाच्या यंत्राचे फॉर्म, डॉक्टरांचे फॉर्म, विम्याचे, आणि एकेका कागदावर बोट ठेवत गेला : इथं. इथं. इथं पण. ती करत गेली. त्याचं बोट किती बारीक झालंय, एवढंच ती बघत होती. कागदावर काय लिहिलंय ते कोण बघतो अशा वेळी! पण चाळीस वर्षं दुकानांच्या दारात उभं राहून ती प्रत्येकाला हेच तर सांगत आली होती, की वाचून सही करा हो, घाई नाही. तिचं भाषण एवढंच असायचं. बाकीचं सगळं ऑर्विल बोलायचा, आणि ती पॅड धरायची, पेन द्यायची, आणि म्हणायची, वाचून करा.

मागच्या नोव्हेंबरात गावची निवडणूक झाली, तेव्हा टपालानं मतपत्रिका आली नव्हती. आली नाही हे तिच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. ऑर्विलला जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते आणि ती दोन कप कॉफी करायची, एक ओतून टाकायची. मतपत्रिका कुणाला हवी होती? आणि आधीच्या सगळ्या वर्षांत तरी काय? स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांच्या मतपत्रिका शेजारी शेजारी, ऑर्विल त्याची भरायचा आणि मग तिच्याकडे सरकवायचा, तिनं बघून बघून तेच गोल काळे करायचे. जबरदस्ती? छे. कधी आवाज चढवला नाही बिचाऱ्यानं. तिला वेगळं काही वाटत असेल, हे त्याच्या डोक्यातच यायचं नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्याही यायचं नाही.

पण आज आलं. आणि आलं ते असं, की कानशिलं तापली. माणसाच्या परवानगीशिवाय त्याच्या केसालाही हात लावू नये, हे ज्यानं जन्मभर सांगितलं, त्यानं बायकोला न विचारता बायकोचं नाव पुसून टाकलं. ‘कुणाच्याही दबावाखाली न येता’ म्हणे! लबाडी केली म्हणावं, तर तीही नाही. विचारायचं असतं हेच त्याला सुचलं नसणार. ते जास्त लागलं. मेलेल्या माणसावर चिडायचं तरी कसं, तो समोरून काही बोलतही नाही.

“इथंच अर्ज आहे,” डॅनिका हळू आवाजात म्हणाली. “दोन मिनिटांत नाव परत घालता येईल. मग नव्यानं सही केलीत की ती धरता येईल. एक तरी कमी होईल.”

थेडानं अर्जाकडे पाहिलं. मग पत्राकडे. दोघांची नावं शेजारी असलेला हा शेवटचा कागद. अर्ज भरला की हे पत्र रद्द. म्हणजे ऑर्विलनं पूर्ण शुद्धीत मागितलेली शेवटची गोष्ट तिनं आपल्या हातानं खोडायची. “नंतर,” ती म्हणाली. “आधी सहा आणते.”

“मिसेस पास्को, सहा आणणं कठीण आहे.”

“ते मी बघते.”

बाद सह्यांच्या यादीत दोन नावं तिला बघताक्षणी कळली होती. वेंडल आणि आयोनी क्रेब्झ, पक्षाचीच माणसं. पत्त्याच्या चौकटीत वेंडलनं लिहिलं होतं, ‘तुम्हाला काय करायचंय’. आयोनीनं लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे’. दुसऱ्या कुठल्या पक्षाच्या माणसानं आपल्याच पक्षाला असा खड्डा खणला असता का? वेंडल कचेरीपासून चार गल्ल्यांवर बर्फ काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. थेडा गेली तेव्हा तो एका यंत्राच्या पोटात हात घालून बसला होता.

“पत्ता?” तो म्हणाला. “सरकारला? थेडा, तू ऑर्विलची बायको ना?”

“त्याची बायको आहे म्हणूनच एवढ्या थंडीत वणवण करतेय. लिही.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“अरे शहाण्या, तुझ्या घराच्या कराची नोटीस दरवर्षी त्याच पत्त्यावर येते ना? ती काय कावळा आणून टाकतो? त्यांना तुझं घर तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे!”

“त्यांना माहीत असणं वेगळं आणि मी सांगणं वेगळं,” वेंडल म्हणाला, आणि एरवी थेडाला त्यात तथ्य वाटलं असतं. पण मागच्या खोलीतून आयोनी हात पुसत आली, तिनं पॅड ओढून घेतलं, वाचलं, ठसठशीत अक्षरात घर क्रमांक, रस्ता, सगळं लिहिलं आणि सही ठोकली. “मला तेव्हाच लिहायचा होता पत्ता,” ती म्हणाली. “हा बाबा म्हणाला ‘वरीलप्रमाणे’ लिही.” तिच्याकडे बघताना थेडाला इस्पितळातले ते कागद आठवले. वेंडल बायकोकडे पाहत राहिला. मग त्यानं यंत्रातून हात काढला, पँटला पुसला आणि कुरकुरत लिहिलं. “पण ‘नाइलाजानं’ असं कंसात लिहीन.”

“कंसात एक अक्षर घालशील तर याद राख.”

दोन झाल्या. पाच कमी, किंवा चार आणि ती स्वतः. साडेअकराला ती पास्टीच्या दुकानासमोर उभी राहिली. दुपारी अर्धं ब्यूट तिथं येतं, बटाटा आणि मांस भरलेली ती जाडजूड पास्टी रश्श्यात बुडवून खायला. ऑर्विलची नेहमीची जागा दाराच्या उजवीकडे, वारा पाठीवर घेऊन. ती तिथं उभी राहिली आणि पहिला माणूस आला तेव्हा तिला कळलं, की आता बोलायचंय ते आपल्यालाच. तोंड उघडलं तर ऑर्विलचीच वाक्यं बाहेर पडली : राज्यघटना काय म्हणते, दोन पक्षांची मक्तेदारी, नागरिकाचा नैसर्गिक अधिकार. माणूस म्हणाला, “बाई, पास्टी थंड होते.” दुसरा ऐकण्याआधीच आत गेला. तिसरीनं विचारलं, “तुमचे ते मिस्टर कुठायत हल्ली?” आणि गेले म्हटल्यावर थेडाचा हात दाबून, सही न करता, डोळे पुसत निघून गेली. एकापाठोपाठ एक बारा-पंधरा माणसं गेली. ऑर्विलच्या तोंडी ती वाक्यं ताठ उभी राहायची, तिच्या तोंडून लंगडत होती. तिला स्वतःचाच राग यायला लागला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, चाळीस वर्षं पक्षात राहून, आपल्याला नक्की काय हवंय ते एका वाक्यात सांगता येऊ नये?

मग टपालवाली आली, खांद्याला पिशवी, नाक लालबुंद. थेडा राज्यघटनेपासून सुरुवात करणार तेवढ्यात वाऱ्यानं पॅडवरचा कागद फडफडला. तो धरताना ती नुसतंच बोलून गेली, “माझं नाव यादीतून गेलंय आणि मला कळलंसुद्धा नाही बघ. आज सकाळी कळलं. असं वाटलं की मी गेले पंधरा महिने नव्हतेच. आमच्या पक्षाचं तसं होऊ नये म्हणून उभी आहे. तुला आमचं पटायलाच पाहिजे असं नाही. कागदावर एवढंच आहे, की यांचं नाव छापा, लोक बघून घेतील.” टपालवालीनं पिशवी खाली ठेवली. पूर्ण वाचलं. “लोक बघून घेतील,” ती म्हणाली, “हे बरंय,” आणि सही केली. आतली स्वयंपाकीण सिगारेट ओढायला बाहेर आली होती, ती म्हणाली, “आण इकडे. दहा वर्षं तुमचं भाषण ऐकतेय, पहिल्यांदा डोक्यात शिरलं.” थेडाला इतका आनंद झाला, की तिनं तिला मिठीच मारली, पिठासकट. आनंद सह्यांचा होताच, पण त्याहून जास्त त्या वाक्याचा होता. लोक बघून घेतील. ते ऑर्विलनं कधी म्हटलं नव्हतं. ते तिचं होतं.

पण त्यानंतर दुपार ओसरायला लागली आणि रस्ता रिकामा झाला. अडीच. तीन. पायाची बोटं बधिर झाली. शेवटी ती आत गेली. कोपऱ्यातल्या गोल टेबलाकडे दिवसभर तिनं बघायचं टाळलं होतं. संघटनेचं टेबल. तिथं रोज दुपारी निवृत्त मंडळी पत्ते खेळतात आणि त्यांच्या मध्यभागी लेम्पी नीमी, इस्पितळातली जुनी नर्स, परिचारिकांच्या संघटनेची तीस वर्षांची पुढारी, फिनलंडहून आलेल्या खाणकामगाराची मुलगी. शाळेत थेडाच्या बाकावर बसायची. मग तो संप झाला. ऑर्विल विजेची कामं करायचा. त्यानं संघटना सोडली आणि संपाच्या काळात खाणीच्या फाटकातून आत गेला. बाहेर उभ्या असलेल्यांत लेम्पीचा नवरा होता. ऑर्विलचं म्हणणं, माझे हात माझे आहेत. लेम्पीचं म्हणणं, मग आमची पोटं कुणाची? कोण चूक होतं, हे थेडाला तेव्हाही नीट सांगता आलं नव्हतं. ती घरी पडदा ओढून बसली होती. त्यानंतर दोघी दुकानात भेटल्या तरी हवापाण्यापलीकडे बोलणं नाही. आणि दर दोन वर्षांनी ऑर्विल मुद्दाम या टेबलाशी यायचा, लेम्पीसमोर पॅड धरायचा, आणि ती पत्त्यांवरची नजरसुद्धा न हलवता म्हणायची, “सरक. उजेड अडतोय.”

थेडा टेबलाशी उभी राहिली. “लेम्पी, मला सह्या पाहिजेत. दोन. पाचच्या आत. नाहीतर पक्ष मतपत्रिकेवर येत नाही.”

लेम्पीनं पत्ते पालथे ठेवले. “त्या पक्षाला मी मत देणार नाही, कळलं ना? मेले तरी नाही.”

“मत मागत नाहीये.”

“तुमचं चाललं तर उद्या संघटना बंद कराल.”

“कदाचित आमच्यातले काही जण करायला निघतील. तेव्हा तू आहेसच की त्यांची हाडं मोडायला.”

कुणीतरी फिसकन हसलं. लेम्पी हसली नाही. तिनं चष्मा पुसला, पॅड घेतलं, आणि वाचू लागली, अगदी औषधाची बाटली वाचावी तशी, बारीक टाइपासकट. थेडा मिनिटकाट्याकडे बघत नव्हती, असं म्हणता येणार नाही. मग लेम्पीनं सही केली. पत्ता, तारीख, सगळं.

थेडाच्या तोंडून निघालं, “अगं, तीस वर्षं नाही म्हणालीस, आणि आज—”

“तीस वर्षं तो विचारत होता,” लेम्पी म्हणाली. “तू कधी विचारलंस? तू आपली मागे उभी, पेन घेऊन. मी वाट बघायचे, की आता तरी ही काही बोलेल. संपाच्या वेळी पण बघितली. एक शब्द नाही. ऑर्विलचा राग मला कधीच आला नाही इतका, त्याला जे वाटायचं ते तो तोंडावर तरी बोलायचा.”

पडद्यामागची ती दुपार तिच्यासमोर उभी राहिली, बाहेरून जाणाऱ्यांचा आरडाओरडा, आणि आपण चहाच्या कपबशा पुन्हा पुन्हा विसळतोय. आपल्याला आपलं मत नाही म्हणजे आपण निर्दोष, असं समजून किती वर्षं काढली! तिचे डोळे भरून आले. “चुकलं माझं,” ती म्हणाली. चाळीस वर्षांचं ते दोन शब्दांत आटोपलं, आणि लेम्पीनं नुसती मान हलवली आणि शेजारच्या म्हाताऱ्या मिलोच्या बरगडीत कोपर मारलं. “कर रे सही. एकच हवीय.”

मिलोनं पेन घेतलं आणि कागदाकडे न बघता सही खरडली. झालं. सहावी. थेडानं पॅड हातात घेतलं. चार वाजायला पाच मिनिटं होती. सही स्वच्छ होती, मिलो याच भागात जन्मला, इथंच मरणार. कचेरीत कुणी बोट ठेवलं नसतं. तिनं पेन घेतलं आणि त्या सहीवर आडवी रेघ मारली.

“बाई, डोकं फिरलं का तुझं?” मिलो ओरडला.

“तू वाचलं नाहीस. लेम्पीनं सांगितलं म्हणून केलीस.”

“मग? काय फरक पडतो?”

“पडतो. मला विचार किती पडतो ते.”

सगळं टेबल तिच्याकडे बघत होतं आणि तिला कळत होतं, की आपण आत्ता कदाचित सगळ्या राज्याचं काम मातीत घातलं. ऑर्विलनं असं केलं असतं का? केलं असतंही, तत्त्वाच्या नावानं, आणि वर भाषण दिलं असतं. तिनं भाषण दिलं नाही. तिनं पॅड पुन्हा मिलोपुढे ठेवलं. मिलो पुटपुटला, चष्मा घरी राहिलाय म्हणाला. लेम्पीनं आपला काढून त्याच्या नाकावर चढवला. मग मिलो पेट्रोविच यानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, सरकारी कागद मोठ्यानं वाचायला घेतला, एकेक शब्द. मध्ये थांबून विचारलं, “यात असं कुठं लिहिलंय की मी तुमच्यातला झालो?” नाही लिहिलं, थेडा म्हणाली. “माझं नाव तुमच्या पत्रकावर छापणार?” नाही छापणार. “आणि नाही केली सही तर?” नाही केली तर तुझी मर्जी, थेडा म्हणाली, आणि ते तिला मनापासून वाटत होतं. ती थक्क झाली, की ते आपल्याला खरोखरच वाटतंय. मिलोनं उरलेलं वाचून संपवलं, पेन मागितलं आणि खोडलेल्या ओळीच्या खाली, जीभ बाहेर काढून, सावकाश सही केली. “ही खरी,” तो म्हणाला. “आता खोडलीस तर बघ.” टेबलावर टाळ्या पडल्या.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी डॅनिकानं सहाच्या सहा तपासल्या. आयोनी, वेंडल, टपालवाली, स्वयंपाकीण, लेम्पी, मिलो. सगळ्या यादीत, सगळे पत्ते जुळले. “एकशे एकोणपन्नास,” ती म्हणाली आणि तो अर्ज काचेखालून पुढे केला. तिच्या मागे घड्याळ होतं. दुसरं कुणी शोधायला आता वेळ नव्हता. सातवी सही थेडाचीच व्हायची होती.

अर्ज एका बाजूला, पत्राची प्रत दुसऱ्या बाजूला. शेजारी शेजारी, जशा त्या मतपत्रिका असायच्या. ऑर्विल, तिनं मनात म्हटलं, तू चिडला होतास, आजारी होतास, हरला होतास, मला कळतं. नाव काढायचा तुला हक्क होता. तुझं. ते यादीत नाही आणि आता कधीच येणार नाही, तुझ्या मनासारखं झालं. तिला रडू आलं, थोडं, आणि ते आलं तसं तिनं येऊ दिलं. इतके दिवस तिला वाटत होतं, की त्याच्या मागं आपण त्याचं काम चालवतोय. पण या दिवसात जे जे घडलं, ते तिनं घडवलं होतं. वेंडलला ती रागावली होती, लेम्पीसमोर ती चुकले म्हणाली होती, मिलोची सही तिनं खोडली होती. कुणी बोट ठेवून ‘इथं’ म्हटलं नव्हतं. आणि हे सगळं करताना तिला भीती वाटली होती, लाज वाटली होती, आणि आत्ता, या काचेसमोर, नाक पुसताना, तिला जे वाटत होतं त्याला तिच्याकडे सरळ साधा शब्द होता : मजा येत होती. भयंकर मजा येत होती.

“मिसेस पास्को, बारा मिनिटं.”

“पुरे झाली.” तिनं नाव घातलं. जन्मतारीख. पत्ता, वेंडलला स्मरून, कंसाशिवाय. सही केली. डॅनिकानं अर्ज घेतला, कळा दाबल्या, शिक्का मारला आणि मान हलवली. मग थेडानं सह्यांचा कागद ओढला आणि मिलोच्या खाली आपलं नाव लिहिलं. डॅनिकानं तो तपासला, जणू आधी कधी पाहिलाच नव्हता असा, कायद्याप्रमाणे, सगळ्या चौकटी. “एकशे पन्नास,” ती म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा फुलला. “झालं, मिसेस पास्को. तुम्ही मतपत्रिकेवर आहात.”

राज्याच्या राजधानीत, हेलेनात, पक्षाच्या अध्यक्षाला तिनं फोन लावला तर तो इतका ओरडला, की डॅनिकालाही काचेपलीकडून ऐकू गेलं. “ऑर्विल असता तर नाचला असता!” तो म्हणाला. “मी नाचतेय,” थेडा म्हणाली, आणि खरंच, कचेरीच्या त्या फरशीवर, बर्फाच्या जड बुटांनी, तिनं एक गिरकी घेतली. रांगेत उभा असलेला एक माणूस बाजूला सरकला.

बाहेर लेम्पीची गाडी उभी होती, काच अर्धी खाली. “काय झालं?”

“झालं!”

“बस आत, मरशील थंडीनं. कर आता प्रचार. पण आधीच सांगते, नोव्हेंबरात माझं मत तुम्हाला नाही.”

“नको देऊस,” थेडा म्हणाली आणि दार ओढून बसली. “माझं तरी कुठं ठरलंय?”

लेम्पीनं गाडी सुरू करता करता तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे? एवढी मरमर केलीस आणि तुझंच मत तुझ्या पक्षाला नाही?”

“असेलही. तेव्हा बघेन कोण उभं राहतंय, वाचेन, विचार करेन. मग ठरवेन.” हे बोलताना तिला आत कुठंतरी इतकं मोकळं वाटलं, की हसूच फुटलं. लेम्पी आधी वैतागली, मग तीही हसायला लागली, आणि डोंगराच्या चढावर गाडी लागेपर्यंत दोघी शाळेतल्या पोरींसारख्या हसत राहिल्या.

“मला तरी सांगशील ना?” लेम्पीनं विचारलं. “कुणाला देणार ते?”

“नाही,” थेडा म्हणाली. “तुला नाही. ऑर्विल वरून विचारायला लागला, तर त्यालासुद्धा नाही.”